कृषी केंद्राच्या काउंटरवरून लेखनवर्गाकडे

बेटा,

रविवारच्या लेखनवर्गात पोरांना शिकवायला येऊ का, असं विचारणारी तुझी चिठ्ठी तुझ्या भावानं सोमवारी आणून दिली. सहा ओळींची चिठ्ठी, त्यातल्या पाच माफीच्या. दहावीला मराठीत मार्क कमी होते, अवांतर वाचन नाही, बीएस्सी ॲग्री करून दोन वर्षांपासून कृषी केंद्राच्या काउंटरवर उभी आहे, व्याकरण कच्चं, एम.ए. मराठी तर नाहीच नाही. सहाव्या ओळीत लिहिलंस, 'पण यावंसं वाटते.' मी पाच ओळी बाजूला ठेवल्या आणि सहावीला उत्तर देतोय. ये.

एवढंच लिहून तुझ्या भावाच्या हाती परत पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण मागच्या दोन वर्षांत आणखी तिघांनी मला हेच विचारलं. तिघांनाही मी तोंडी 'या' म्हटलं आणि तिघंही आले नाहीत. म्हणून या वेळी कागद घेऊन बसलोय.

वाचनालयातला आपला रविवारचा वर्ग कोण चालवतं, हे तुला रस्त्यावरून दिसतं तेवढंच माहीत असेल. माझ्यापासून सुरू करतो. मी 27 वर्षं एसटीत कंडक्टर होतो. तिकिटाची मशीन यायच्या आधी आमच्या हातात तिकिटांचा ट्रे, पंच आणि वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद. दर टप्प्याला वेबिलात आकडे भरायचे. घाईत एक टप्पा राहिला आणि पुढं आठवून भरला, की डेपोत हिशेब लागायचा नाही आणि फरक पदरून द्यावा लागायचा. तेव्हापासून जे झालं ते झालं तिथंच टिपायची सवय लागली. पोरांनाही मी तेच सांगतो. पोळ्याचं लिहायचं तर पोळा फुटल्यावर संध्याकाळीच चार ओळी खरडा, आठ दिवसांनी लिहाल तर गाईडमधला पोळा उतरेल.

दुसरी गोष्ट कानाची. दारव्हा ते यवतमाळ रोज किती माणसं माझ्या कानाशी बोलली असतील! एकदा दोन म्हातारे शेजारी बसले होते, कापूस विकून परत निघालेले. एकानं विचारलं, 'काय भाव गेला?' दुसरा म्हणाला, 'काय जाते बावा.' पुढं यवतमाळपर्यंत दोघं गप्प. मी तो संवाद फळ्यावर लिहितो आणि पोरांना विचारतो, भाव किती गेला असेल? सगळ्यांना बरोबर कळतं.

आता माझा रोगही सांगतो, कारण पत्राचं खरं कारण तेच आहे. मला वेळेची घाई. पोरगं वाक्याच्या मधे अडखळलं की माझा हात आपोआप दोरीकडं जातो आणि मी डबल बेल, गाडी सोडायची खूण, मारतो, म्हणजे त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकतो. पाचसहा वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीनं आपल्या आजीवर निबंध लिहिला होता. तालुक्याला एक स्पर्धा होती. दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता, म्हणून मी बसून तो 'नीट' केला. आजीच्या हाताला शेणाचा वास यायचा, ते काढून मायेचा स्पर्श घातला. निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. मुलीनं बक्षीस घेतलं, फोटो काढला आणि त्यानंतर वर्गात कधी आली नाही. तिची आई मला बाजारात भेटली तर म्हणाली, 'ते म्हणते, मायं काही नव्हतं त्याच्यात.' ही गोष्ट मी नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

तर बेटा, प्रत्येक जण इथं आपापल्या कामातून काही घेऊन येतो, आणि त्याच कामाचा एक रोगही सोबत आणतो. एम.ए. वाल्यांचंही तसंच. आपला रोग कोणता हे ज्याला माहीत नाही, त्याच्या हाती मी वर्ग एकटा सोडत नाही.

आमचे अर्जनवीस काका घे. तहसीलच्या फाटकासमोर, लिंबाखाली, टेबल-खुर्ची आणि टाइपरायटर घेऊन त्यांनी उभं आयुष्य काढलं. शिक्षण जुनी मॅट्रिक. एखादी बाई निराधार योजनेच्या अर्जासाठी येते आणि सुरुवात करते सासऱ्यापासून. दिराचं सांगते, पडलेल्या भिंतीचं सांगते, मेलेल्या बकरीचं सांगते. काका पंधरा मिनिटं टाइपरायटरला हात लावत नाहीत. ऐकून झालं की विचारतात, 'माय, तुले नेमकं काय पायजे? अन् हे वाचनार कोन?' मग तीन मिनिटांत अर्ज तयार. बकरी अर्जात येत नाही, भिंत येते.

हेच ते वर्गात करतात. एक पोरगं अर्जदार, दुसरं अर्जनवीस. अर्जदारानं मनसोक्त बोलायचं, अर्जनवीसानं तोवर पेन खाली ठेवायचं. तांड्यावरच्या एका मुलानं शाळेच्या वेळेला बस थांबत नाही म्हणून अर्ज सांगितला. बोलता बोलता कळलं की बस थांबते, पण तो ज्या झाडाखाली उभा राहतो तिथं थांबत नाही. मग अर्जच बदलला. लिहिण्याआधी काय लिहायचं ते शोधावं लागतं, हे मी इतक्या सोप्या रीतीनं कुणाला शिकवताना पाहिलं नाही. आणि बरं का, तलाठ्याच्या पंचनाम्यात नि खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, ते त्यांनी पोरांना शिकवलं. आपल्या घराच्या पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस, उत्तरेस काय. 'माझे घर' या विषयावर आजवर शंभर निबंध वाचले असतील मी, पण 'उत्तरेस मोठे बाबा यांचे घर, मधात भिंत, भिंतीत आधी दार होते' हे चतुःसीमेनंच बाहेर काढलं.

काकांचा रोग म्हणजे 'सबब'. 'सबब विनंती की', 'येणेप्रमाणे', 'मेहेरबान साहेब'. महिनाभरात सगळी पोरं तसंच लिहायला लागली. सहावीतल्या एका पोरीनं लिहिलं, 'आईने मला मेळ्यात नेले नाही, सबब मी रडली.' काकांनी स्वतःच कपाळावर हात मारला. मला मात्र ते वाक्य अजून आवडतं, आणि मी ते खोडू दिलं नाही.

सिस्टर तर तुला माहीतच आहेत, आरोग्य उपकेंद्रातून रिटायर झालेल्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की केसपेपरवर आधी पेशंटची तक्रार त्याच्या शब्दांत लिहायची, आपलं निदान खाली, वेगळं. पेशंट म्हणाला 'पोटात कसनुसं होते', तर 'कसनुसं'च लिहायचं. तिथं आपण 'मळमळ' लिहून टाकलं तर पुढच्या डॉक्टरला आपलं मत मिळतं, पेशंट मिळत नाही. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता माणसांना विषबाधा झाली, वीसहून जास्त जीव गेले. त्या दिवसांत बाया नवऱ्याला धरून उपकेंद्रावर यायच्या आणि म्हणायच्या, 'डोयापुढं अंधारी येऊन रायली त्याईच्या.' ते सांगताना सिस्टरांचा आवाज अजून बदलतो. पोरांच्या वहीत त्या आडवी रेघ मारून देतात. रेघेच्या वर जे पाहिलं, ऐकलं ते. तुमचं दुःख, तुमचा राग, तुमचं मत, सगळं रेघेखाली. गंमत अशी की वरचा भाग नीट उतरला तर खालचा बहुतेक वेळा कोराच राहतो. त्यांच्या हाताखालची पोरं जरा रूक्ष लिहितात हे खरं, पण त्यांचं औषध वनरक्षक दादांकडं आहे.

दादा मूळचे ब्रह्मपुरीकडचे, बदली होऊन इकडं आलेले. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडशाला मंडळांची कार्यालयं लागतात आणि रात्री उभं राहिलेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. दादांनी तरुणपणी त्यात कामं केली. शेवटच्या रांगेतला, घोंगडीत गुरफटलेला माणूस जागा राहिला पाहिजे, हा त्यांचा हिशेब. पोरांना आपलं लिहिलेलं ते उभं राहून वाचायला लावतात, आणि जिथं ऐकणारे चुळबुळ करतात तिथं पेन्सिलीची खूण. पहिल्या दिवशी पोरं त्यांच्या झाडीबोलीला हसली होती. दादाही हसले आणि म्हणाले, आता तुमची वऱ्हाडी मी बोलून दाखवतो, मग कोण हसते पाहू. त्यांच्या तासाला उद्गारचिन्हांचा पाऊस पडतो, एवढं सोसावं लागतं.

प्रेसवाले भाऊ महिन्यातून एकदा येतात. खिळे जुळवायच्या काळातले. एकेक अक्षर हातानं उचलून उलटं लावावं लागायचं, म्हणून जास्तीचा शब्द त्यांच्या बोटांना आधी टोचतो. लग्नपत्रिकेतला मजकूर ते निम्मा करून दाखवतात. ऊसतोडीला जाणारा एक तरुणही येतो, पण दिवाळीनंतर तो पश्चिम महाराष्ट्रात असतो. टोळीतल्या प्रत्येक कोयत्याची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीची, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) आणि टन त्याच्याच वहीत असतात. याद्या कशा करायच्या ते त्याच्याकडून शिकावं.

आणि आमच्या मॅडम, एम.ए. मराठी. त्यांच्याविषयी मी वाकडं बोलणार नाही, तूही बोलू नको. त्या नसत्या तर आमचा हा सगळा गप्पांचा अड्डा झाला असता. कोणत्या पोराला कोणतं पुस्तक द्यायचं ते त्यांना कळतं, विभक्ती प्रत्यय कुठं चुकतो आणि का चुकतो ते कळतं, आणि चाळीस पोरं एका खोलीत शांत बसवणं ही काय चीज आहे हे तुला पहिल्याच रविवारी समजेल. त्यांच्या हातात लाल पेन असलं की डोळा आधी चुकीवर जातो, हे त्यांनीच एकदा सांगितलं. आता त्या हिरवं पेन वापरतात. मला त्यानं काही फरक दिसत नाही, पण त्यांना बरं वाटतं.

एकदा आम्ही शहरातून एक नामवंत कवी बोलावले होते. दोन तास स्वतःच्या कवितांवर बोलले. पोरांना त्या दिवशीचा आलुबोंडा अजून आठवतो. जाऊ दे.

तुला वाटत असेल, एवढी माणसं आहेत तर माझी गरज काय. गरज आहे. आपल्याकडं पोरांना शिकवण्या कमी नाहीत. स्कॉलरशिप आहे, नवोदय आहे, पण त्यात पर्यायाचे गोळे काळे करायचे असतात, लिहायचं काही नसतं. लिहायची पाळी येते दहावीच्या उपयोजित लेखनाला, आणि तेव्हा गाईड उघडतं. परवा एक पोरगं 'शेतकऱ्याचे मनोगत' पाठ करत होतं. 'हिरवीगार शेते वाऱ्यावर डोलतात आणि माझे मन मोराप्रमाणे नाचू लागते.' त्याचा बाप त्याच वेळी ओट्यावर बसून बोंडं फोडून गुलाबी अळी पाहत होता. मी पोराला म्हटलं, बापाले विचार, त्याचं मन कशापरमाणं नाचते. पोरगं लाजलं. पण विचारलं त्यानं, आणि बापानं दिलेलं उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही. वहीत मात्र आहे.

इथं तू हवीस. आमच्यातलं कुणीच शेतीवर अधिकारानं बोलू शकत नाही, आणि आपली निम्म्याहून जास्त पोरं वावरातून येतात. शिवाय तू रोज लिहितेस, हे तुझ्या लक्षातच आलेलं नाही. शेतकऱ्यानं औषध नेलं की खोक्यावर पेननं लिहून देतेस ना, पंपाला किती, कोणत्या वेळी, कशात मिसळायचं नाही. ते वाचून माणूस वावरात जातो. तू एक शून्य जास्त लिहिलंस तर कपाशीची पऱ्हाटी जळते, कमी लिहिलंस तर अळी मरत नाही, आणि 'तोंडाला फडकं बांधा' लिहायचं राहिलं तर काय होतं ते सिस्टरांना विचार. तुझ्या लिहिण्याची जेवढी परीक्षा होते तेवढी माझ्या वेबिलाचीही होत नव्हती.

तुझा रोगही मला आत्ताच दिसतोय, चिठ्ठीतच दिसला. तू विध्यर्थात लिहितेस. 'कळवावे', 'समजून घ्यावे', 'माफ करावे'. पोरांच्या वह्यांवरही तू 'असे लिहावे, तसे टाळावे' लिहिशील. पहिले दोन महिने पोराच्या वहीवर काहीच लिहू नको. फक्त प्रश्न विचार, तोंडी. आपले गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. शाळेत न गेलेला माणूस, पण हजारोंच्या कीर्तनात प्रश्न विचारत बसायचा आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढायचा. आपल्याला चाळीस पोरांसमोर तेवढं जमायला काय हरकत आहे?

आणखी एक. वर्गात तांड्यावरची पोरं आहेत, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. कोलामपोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, तीन आहेत. त्यातला एक 'आई आलं' असं लिहितो. मॅडमसुद्धा आधी वैतागल्या होत्या. मग भाषेच्या एका अभ्यासकानं आम्हाला समजावलं की कोलामी ही द्राविडी भाषा. तिच्यात एकवचनात पुरुष एका बाजूला आणि बाया, जनावरं, वस्तू सगळं दुसऱ्या बाजूला. म्हणजे पोरगं चुकत नव्हतं, दोन भाषांच्या मधल्या फळीवरून चालत होतं. त्याला मराठीचं लिंग शिकवायचंच आहे, पण हसून नाही. वऱ्हाडी पोरांचंही तेच. 'जाऊन रायलो' संवादात ठेव, अर्जात 'जात आहे' कर, आणि दोन्ही का ते सांग.

बोलीवरून आठवलं. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला 13व्या शतकात म्हाइंभट बसला आणि महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. स्वतः मोठा पंडित. पण ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडं जाऊन, विचारून, पडताळून लीळाचरित्र लिहिलं, आणि सांगणाऱ्यांत महदाइसेसारख्या बायाही होत्या. याच पंथातले केशिराज संस्कृतात लिहायला निघाले तर पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, की त्यानं माझ्या म्हाताऱ्या नागवतील. म्हणजे त्यांच्या वाट्याचं त्यांच्याकडून लुबाडलं जाईल. मॅडमनी ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा मी मागं बाकावर बसलो होतो आणि मला तुमचं कृषी केंद्रच डोळ्यापुढं आलं. औषधाच्या डब्यासोबत ती घडी घातलेली पत्रिका येते ना, मुंगीएवढ्या अक्षरांची? विषबाधेची लक्षणं तीत असतात, उतारा असतो. वाचतं कोण? आपल्या गावात कुणाची म्हातारी ते वाचून सांगू शकेल?

म्हणून तुझा पहिला तास मी ठरवून टाकलाय, तुला न विचारता. डबल बेल म्हण हवं तर. दुकानातून अशा पाच-सहा पत्रिका आण. डबे आणू नको, रिकामेही नको. लेबलवरचे ते रंगीत त्रिकोण, लाल, पिवळा, निळा, हिरवा, फळ्यावर खडूनं काढ आणि कोणता किती जहाल ते सांग. मग पोरांना दोन-दोनच्या जोड्यांत बसवून त्या पत्रिकेतला एकच परिच्छेद आपल्या घरच्या बोलीत लिहायला लाव, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला समजेल असा. गोरमाटीत लिहिलं तरी चालेल, कोलामीत तर फारच चांगलं. घरी जाऊन वाचून दाखवायचं, आणि म्हातारीनं कुठं 'म्हंजे?' विचारलं ते पुढच्या रविवारी लिहून आणायचं. मात्रेचे आकडे तू स्वतः तपास, तिथं पोरांवर सोडू नको.

पैसे मिळत नाहीत, हे आधीच सांगतो. चहा मिळतो. तुझ्या मालकांशी रविवारच्या सुट्टीचं बोलायचं असेल तर मी येईन, ते माझ्याच गाडीनं यवतमाळला जायचे, मला नाही म्हणणार नाहीत.

वर्ग सकाळी साडेसातला. उन्हाळ्यात सात. किल्ली अर्जनवीस काकांकडं असते आणि ते कधीच उशीर करत नाहीत, सबब तूही करू नको.

तुझा,
कंडक्टर काका